शब्दांच्या मुळाशी जाणारा माणूस : एलिएझर बेन-येहुदा



भाषेच्या तासाला मुलं शब्दार्थ पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. हा अनुभव आपल्या सगळ्यांचाच. पण तोच शब्द कुठून आला, त्याचे भाऊबंद कोण, हे एकदा कळलं की तो सहसा विसरत नाही. आज आपण अशा एका माणसाची माहिती घेणार आहोत, ज्याने शब्दांच्या मुळांवर विश्वास ठेवून एका प्राचीन भाषेला पुन्हा स्वयंपाकघरात, बाजारात आणि शाळेच्या वर्गात आणण्यासाठी आयुष्य घालवलं. ती भाषा हिब्रू. मराठी बायबलमध्ये तिला इब्री म्हणतात. आणि तो माणूस म्हणजे एलिएझर बेन-येहुदा. त्यांचं चरित्र जितकं प्रेरणादायी आहे तितकंच अस्वस्थ करणारंही आहे. म्हणून दोन्ही बाजू सांगते.

जन्म आणि बालपण

एलिएझर यांचा जन्म ७ जानेवारी १८५८ रोजी लुझ्की या गावी झाला. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज ते बेलारूस देशात आहे. त्यांचं मूळ आडनाव पर्लमन. वडील येहुदा लैब हे धार्मिक वृत्तीचे ज्यू गृहस्थ. एलिएझर पाच वर्षांचे असतानाच वडील वारले.

त्या भागातल्या ज्यू घरांत बोलायची भाषा होती यिडिश. हिब्रू होती ती प्रार्थनेची, धर्मग्रंथांची आणि विद्वानांची. आपल्याकडे संस्कृतचं जे स्थान होतं तसंच काहीसं. मुलगा हुशार, म्हणून त्याने रब्बी म्हणजे धर्मगुरू व्हावं अशी घरच्यांची इच्छा होती. त्याला पोलोत्स्क इथल्या धर्मशाळेत पाठवलं. पण तिथल्या गुरूंनीच त्याच्या हाती गुपचूप एक वेगळं पुस्तक दिलं. ते होतं रॉबिन्सन क्रूसोच्या गोष्टीचं हिब्रू भाषांतर. ज्या भाषेत फक्त प्रार्थना करायची तिच्यात समुद्र, जहाज आणि एकाकी बेटाची गोष्टसुद्धा सांगता येते, हे त्या मुलाला पहिल्यांदा कळलं. शिक्षकाने दिलेलं एक अवांतर पुस्तक काय करू शकतं, याचं हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे.

धर्मग्रंथ सोडून असलं काही वाचतो म्हणून काकांनी... खरं तर मामा म्हणावं की काका, सांभाळणारे ते नातेवाईकच, त्यांनी त्याला घराबाहेर काढलं. पुढे ग्लुबोकोये गावात योनास नावाच्या कुटुंबाने त्याला आसरा दिला. त्या घरची थोरली मुलगी देवोरा हिने त्याला रशियन, फ्रेंच आणि जर्मन शिकवलं. याच देवोरा पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. १८७७ मध्ये एलिएझर यांचं शालेय शिक्षण पूर्ण झालं.

पॅरिस, आजार आणि एक निश्चय

१८७७-७८ मध्ये रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध झालं. बाल्कन प्रदेशातले छोटे छोटे समाज आपली भूमी आणि आपली भाषा मागू लागले होते. हे पाहून तरुण एलिएझर यांच्या मनात आलं, की जगभर विखुरलेल्या ज्यू लोकांनाही एक भूमी आणि रोजच्या व्यवहाराची एक भाषा हवी. १८७८ मध्ये ते वैद्यकशास्त्र शिकायला पॅरिसला गेले. १८७९ मध्ये त्यांनी आपले विचार एका हिब्रू मासिकात लेख लिहून मांडले. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते.

पॅरिसमध्येच त्यांना क्षयरोग झाला. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. वैद्यकीय शिक्षण सुटलं. उबदार हवेसाठी ते काही काळ अल्जीरियात राहिले. तिथल्या ज्यू लोकांशी बोलायला दोघांची एकच सामाईक भाषा होती, हिब्रू. गंमत म्हणजे गाडी अडखळत का होईना चालली! तिथल्या लोकांचा उच्चार युरोपातल्या उच्चारापेक्षा वेगळा होता. पुढे बेन-येहुदांनी हाच उच्चार योग्य मानला.

१८८१ मध्ये एलिएझर आणि देवोरा वाटेत लग्न करून जाफा बंदरात उतरले आणि जेरुसलेमला स्थायिक झाले. तो प्रदेश तेव्हा ऑटोमन तुर्कांच्या ताब्यात होता. पर्लमन हे आडनाव टाकून त्यांनी बेन-येहुदा हे नाव घेतलं. बेन म्हणजे मुलगा. येहुदाचा मुलगा. लहानपणी गमावलेल्या वडिलांचं नाव असं त्यांनी जन्मभर जवळ ठेवलं.

अडचण नेमकी कोणती होती?

हिब्रू पूर्ण मेलेली होती असं म्हणणं बरोबर नाही. लोक ती वाचत होते, लिहीत होते, पत्रव्यवहार करत होते. जेरुसलेमच्या बाजारात यिडिश बोलणारा, लादिनो बोलणारा आणि अरबी बोलणारा ज्यू एकमेकांना भेटले की मोडक्यातोडक्या हिब्रूवरच निभावून नेत. पण ती कुणाच्याही घरची भाषा नव्हती. आईच्या तोंडून ती कुठल्याच मुलाच्या कानावर पडत नव्हती.

आणि दुसरी अडचण शब्दांची. हिब्रू बायबलमध्ये साधारण आठ हजार वेगवेगळे शब्द आहेत. यज्ञ, राजा, करार, नांगर, उंट यांना शब्द आहेत. पण काडेपेटीची काडी, आइस्क्रीम, टॉवेल, वर्तमानपत्र? तत्त्वज्ञानावर ग्रंथ लिहिता येईल, पण लेकराला तोंड पुसायला सांगता येणार नाही, अशी ती भाषा झाली होती. बेन-येहुदांचं मोठेपण इथे आहे. भाषा जगते ती घरगुती शब्दांवर, हे त्यांनी ओळखलं.

तीन अक्षरांची किमया

आता थोडा भाषेचा तास घेऊ. हिब्रूमध्ये बहुतेक शब्दांच्या मुळाशी तीन व्यंजनं असतात. या मुळाला शोरेश म्हणतात. शोरेश म्हणजे झाडाचं मूळसुद्धा. या तीन व्यंजनांभोवती स्वर आणि जोड-अक्षरांचे ठरलेले साचे बसतात आणि नवे शब्द तयार होतात. आपल्याकडे कृ या धातूपासून कार्य, कर्ता, कारण, कृती, क्रिया हे शब्द होतात, तोच प्रकार. उच्चारात क चा ख होतो, ब चा व होतो, प चा फ होतो, एवढं लक्षात ठेवा म्हणजे खालची उदाहरणं सोपी जातील.

क-त-ब हे मूळ लिहिण्याचं. कताव म्हणजे त्याने लिहिलं, मिख्ताव म्हणजे पत्र, क्तोवेत म्हणजे पत्ता, मिख्तावा म्हणजे लिहायचं टेबल.

स-प-र हे मूळ मोजण्याचं आणि सांगण्याचं. सेफेर म्हणजे पुस्तक, सोफेर म्हणजे लेखक, सिपूर म्हणजे गोष्ट, मिस्पार म्हणजे संख्या, सिफ्रिया म्हणजे ग्रंथालय. शाळेला म्हणतात बेत-सेफेर, म्हणजे पुस्तकाचं घर.

ल-म-द हे तर आपलंच मूळ. लमाद म्हणजे तो शिकला, लिमेद म्हणजे त्याने शिकवलं, तल्मीद म्हणजे विद्यार्थी. शिकणं आणि शिकवणं एकाच मुळातून! मराठीतही शिकणे आणि शिकवणे असंच आहे, पण आपण त्याच्याकडे कधी थांबून पाहत नाही.

साच्याचंही एक उदाहरण बघा. अदोम म्हणजे लाल, त्यावरून अदेमेत म्हणजे अंगावर लाल पुरळ येणारा एक आजार. त्साहोव म्हणजे पिवळा, त्यावरून त्साहेवेत म्हणजे कावीळ. केलेव म्हणजे कुत्रा, त्यावरून कलेवेत म्हणजे रेबीज. साचा एकदा कळला की न शिकवलेल्या शब्दाचाही अंदाज बांधता येतो. बेन-येहुदांना जडलेल्या क्षयाला हिब्रूत शहेफेत म्हणतात. तोही याच साच्यातला, पण थेट बायबलमधला जुना शब्द.

बेन-येहुदांची टाकसाळ

बेन-येहुदांची पद्धत शिस्तीची होती. आधी जुन्या ग्रंथांत शब्द सापडतो का ते पाहायचं. नसेल तर जुन्या मुळाला नवा साचा लावायचा. तेही जमलं नाही तर अरबी किंवा अरमाईक या बहीणभाषांकडून घ्यायचं. अशा रीतीने त्यांनी काहीशे शब्द घडवले. त्यांतले काही पाहू.

शब्दकोशाला तेव्हा दोन शब्द जोडून शब्दांचं पुस्तक म्हणत. मिला म्हणजे शब्द, त्यावरून त्यांनी मिलोन हा सुटसुटीत शब्द केला.

वर्तमानपत्राला पूर्वी काळाचं पत्र अशा अर्थाची जोडी वापरत. एत म्हणजे काळ, त्यावरून त्यांनी इतोन केलं. आपल्या वर्तमानपत्र या शब्दातही काळ आहेच की!

गोफ्रीत म्हणजे गंधक. त्यावरून काडेपेटीतल्या काडीला गफ्रूर. अरमाईक भाषेत बर्फ किंवा हिमासाठी जो शब्द होता, त्यावरून आइस्क्रीमला ग्लीदा. क्रूव म्हणजे कोबी, त्यावरून फ्लॉवरला क्रूवीत. म्हणजे कोबीची धाकटी बहीणच जणू.

जॅमसाठी त्यांनी रिबा हा शब्द केला, तो अरबी मुरब्बा या शब्दाच्या आधाराने. आपला मुरंबाही त्याच अरबी शब्दावरून आलेला. म्हणजे जेरुसलेमच्या मुलाचा रिबा आणि आपल्या बरणीतला मुरंबा हे लांबचे नातेवाईक निघाले.

घर हीच पहिली शाळा आणि तिची किंमत

१८८२ मध्ये बेन-येहुदा दांपत्याला मुलगा झाला. त्याचं नाव बेन-त्सियोन. हाच पुढे इतामार बेन-अवी या नावाने पत्रकार म्हणून प्रसिद्ध झाला. बाळाच्या कानावर हिब्रूशिवाय दुसरी कोणतीही भाषा पडू द्यायची नाही, असं वडिलांनी ठरवलं. देवोरा यांना हिब्रू तेव्हा पुरती येतही नव्हती. तरी नव्या देशात, गरिबीत, तब्येत ढासळत असताना त्यांनी ही अट पाळली. एका आईला स्वतःच्या भाषेत बाळाशी बोलता येऊ नये, याचा विचार करून पाहा.

मुलाला खेळगडी नव्हते, कारण ही भाषा बोलणारं दुसरं मूल नव्हतंच. तीन वर्षं उलटली तरी मूल बोलेना. शेजारीपाजारी म्हणू लागले की मूल मुकं होणार. एकदा वडील बाहेर गेलेले असताना आई नकळत रशियन अंगाईगीत गुणगुणत होती. तेवढ्यात वडील आले आणि प्रचंड संतापले. घाबरलेलं मूल मध्ये पडलं आणि त्याच्या तोंडून पहिल्यांदा हिब्रू शब्द बाहेर पडला, अशी आठवण त्या मुलाने मोठेपणी सांगितली आहे. हिब्रूच्या इतिहासात ही घटना विजय म्हणून सांगितली जाते. पण एक पालक म्हणून वाचताना त्या मुलाची भीती आणि त्या आईचं अडलेलं गाणं विसरता येत नाही.

१८९१ मध्ये देवोरा क्षयाने गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत घटसर्पाच्या साथीत त्यांच्या पाचपैकी तीन मुलांचा मृत्यू झाला. उरली दोन, बेन-त्सियोन आणि त्याची बहीण येमिमा. पुढे देवोरा यांच्या धाकट्या बहिणीने एलिएझर यांच्याशी लग्न केलं. तिने हेमदा हे हिब्रू नाव घेतलं, भाषा शिकली आणि त्यांच्या वर्तमानपत्रात लेखन करू लागली. हिब्रूच्या पुनरुज्जीवनाचं श्रेय देताना या दोघी बहिणींची नावं आधी घ्यायला हवीत, असं मला वाटतं.

शाळेतली हिब्रू

जेरुसलेममधल्या एका ज्यू शाळेत बेन-येहुदांनी काही काळ शिकवलं. तिथे त्यांनी नवा प्रयोग केला. हिब्रू शिकवायची ती हिब्रूतूनच. भाषांतर करून सांगायचं नाही. वस्तू दाखवायची, कृती करायची, शब्द म्हणायचा, मुलांकडून म्हणवून घ्यायचा. वर्गात कुणी लादिनो बोलणारं, कुणी अरबी बोलणारं, कुणी यिडिश. सगळ्यांना जोडणारी तीच एक भाषा झाली. तब्येतीमुळे त्यांना शिकवणं लवकरच सोडावं लागलं, पण मुख्याध्यापक निस्सीम बेहार यांनी ही पद्धत पुढे चालू ठेवली.

खरं काम झालं ते छोट्या छोट्या वसाहतींमधल्या शाळांतून. १८८६ मध्ये रिशोन लेत्सियोन या वसाहतीत हिब्रू माध्यमाची शाळा सुरू झाली. १८९८ मध्ये तिथेच हिब्रू बालवाडी निघाली. १९०३ मध्ये शिक्षकांची संघटना स्थापन झाली. १९०५ मध्ये जाफाला हिब्रू माध्यमिक शाळा सुरू झाली. सुरुवातीला पाठ्यपुस्तकं नव्हती, भूगोलाला आणि गणिताला पुरेसे शब्द नव्हते. एका शाळेतले शिक्षक एका वस्तूला एक शब्द वापरत, दुसऱ्या शाळेतले दुसरा. हा गोंधळ मिटवायला भाषा समिती लागली. अशी समिती बेन-येहुदांनी १८९० मध्येच सहकाऱ्यांबरोबर स्थापली होती, पण ती फार चालली नाही. पुढे शिक्षक संघटनेच्या पुढाकाराने ती पुन्हा उभी राहिली. १९५३ मध्ये तिच्याच जागी हिब्रू भाषा अकादमी आली.

१९१३ मध्ये हैफा शहरात तंत्रशिक्षणाची मोठी संस्था उभी राहत होती. तिथे विज्ञान जर्मनमधून शिकवावं असा संचालकांचा विचार होता. शिक्षक आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले, अनेकांनी शाळा सोडल्या. शेवटी हिब्रूचा आग्रह मान्य झाला. घरापासून सुरू झालेली गोष्ट उच्च शिक्षणाच्या दारापर्यंत पोहोचली, ती शिक्षकांच्या बळावर.

विरोध आणि तुरुंग

जेरुसलेममधल्या कर्मठ ज्यूंना हे सगळं पटणारं नव्हतं. देवाची भाषा भाजी घ्यायला वापरायची, हा त्यांना पवित्र गोष्टीचा अपमान वाटे. त्यांनी बेन-येहुदांवर बहिष्कार टाकला. बेन-येहुदाही गप्प बसणारे नव्हते. १८८४ पासून ते हात्स्वी नावाचं वर्तमानपत्र काढत. त्स्वी म्हणजे हरीण. त्यातून ते जुन्या व्यवस्थेवर सडकून टीका करत आणि नवे शब्दही वाचकांपुढे ठेवत.

१८९३ च्या अखेरीस त्यांच्या सासऱ्यांचा एक लेख त्यात छापून आला. त्यात खायिल हा शब्द होता. खायिल म्हणजे बळ, आणि खायिल म्हणजे सैन्यसुद्धा! बळ एकवटून पुढे जावं, असा लेखाचा आशय. विरोधकांनी तुर्की अधिकाऱ्यांकडे तक्रार केली, की हे सैन्य जमवून बंड करायचं आवाहन आहे. बेन-येहुदांना तुरुंगवास झाला. अपिलानंतर सुटका झाली, पण वर्तमानपत्र बराच काळ बंद राहिलं. एका शब्दाच्या दोन अर्थांमुळे शब्दकोशकार तुरुंगात गेला!

जन्मभराचा शब्दकोश

बेन-येहुदांचं सर्वांत मोठं काम म्हणजे हिब्रूचा महाकोश. बायबलपासून आधुनिक काळापर्यंतच्या ग्रंथांमधले शब्द त्यांनी टिपून काढले. प्रत्येक शब्दाचा उगम, अर्थ आणि वापर नोंदवला. त्यासाठी अनेक देशांतल्या ग्रंथालयांत जाऊन हस्तलिखितं चाळली. क्षयाने पोखरलेल्या शरीराने ते उभ्याने लिहायच्या मेजापाशी तासन्‌तास काम करत.

१९०८ पासून कोशाचे खंड छापून येऊ लागले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते अमेरिकेत राहिले, तिथेही काम चालूच होतं. १६ डिसेंबर १९२२ रोजी जेरुसलेममध्ये त्यांचं निधन झालं. शेवटी ते नेफेश या शब्दावर काम करत होते असं सांगितलं जातं. नेफेश म्हणजे जीव, आत्मा. त्याच मुळाचा नोफेश म्हणजे विसावा, सुट्टी.

त्यांच्या अंत्ययात्रेला हजारो लोक आले होते. त्याच वर्षी ब्रिटिशांच्या ताब्यातल्या पॅलेस्टाइनसाठी इंग्रजी आणि अरबीबरोबर हिब्रूलाही अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. त्याआधीच १९१६-१८ च्या गणनेत तिथल्या सुमारे ८५,००० ज्यूंपैकी ३४,००० जणांनी म्हणजे ४० टक्क्यांनी हिब्रू ही आपली मुख्य भाषा म्हणून सांगितली होती. कोशाचं काम हेमदा, मुलगा एहूद आणि नंतरचे संपादक यांनी पुढे नेलं. प्रस्तावनेच्या खंडासह सतरा खंडांचा हा कोश १९५० च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झाला.

न रुजलेले शब्द

बेन-येहुदांचे सगळेच शब्द चालले असं नाही. टोमॅटोला त्यांनी अरबीच्या धर्तीवर बदुरा म्हटलं. दुसऱ्या बाजूने अगवानिया हा शब्द आला. त्याचं मूळ प्रेमाच्या, अभिलाषेच्या अर्थाचं, कारण युरोपात टोमॅटोला प्रेमाचं सफरचंद म्हणत. हा शब्द बेन-येहुदांना असभ्य वाटे. त्यांच्या घरात बदुराच चालला, बाजारात मात्र अगवानिया जिंकला! टेलिफोनला दूर बोलणारा अशा अर्थाचा जोडशब्द तेव्हा सुचवला गेला होता. लोक आजही टेलिफोनच म्हणतात. आपल्या दूरध्वनीचं काय झालं ते आपण जाणतोच. पण सावरकरांनी सुचवलेला महापौर मात्र आपल्याकडे पक्का रुजला. शब्द विद्वान घडवतात, पण पास-नापास लोक ठरवतात.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगायला हवी. हे काम एकट्या माणसाचं नाही. लेखकांनी, शिक्षकांनी, आयांनी शब्द घडवले आणि चालवले. मोटारगाडीला मेखोनीत हा शब्द तर त्यांच्या मुलाने, त्या उशिरा बोललेल्या मुलाने, दिला. आणि हिब्रू घराघरांत आली तेव्हा यिडिश आणि लादिनो या समृद्ध भाषा अनेक घरांतून मागे पडल्या. एक भाषा वाढवताना दुसरीचा दुस्वास करायची गरज नसते, हेही याच चरित्रातून शिकायचं.

मराठीशी असलेलं नातं

आपल्या कोकणात बेने इस्राएल हा ज्यू समाज शतकानुशतकं राहिला. तेलाचा व्यवसाय आणि शनिवारी सुट्टी, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची प्रार्थना हिब्रूत आणि घरची भाषा मराठी. १९४८ नंतर त्यांतले बरेच जण इस्राएलला गेले आणि तिथे त्यांना रोजची हिब्रू शिकावी लागली. मराठी मात्र त्यांनी टाकली नाही. तिथे त्यांनी मायबोली नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

दुसरं नातं शब्दांचं. हिब्रू आणि अरबी या बहिणी, आणि मराठीत अरबी शब्द भरपूर. आपला हिशेब अरबीतून आला. त्याचंच भावंड हिब्रूतलं ख-श-ब हे मूळ. खेश्बोन म्हणजे हिशेब किंवा बिल, माखशावा म्हणजे विचार, खाशूव म्हणजे महत्त्वाचं, आणि माखशेव म्हणजे संगणक. आपणही संगणक हा शब्द गण म्हणजे मोजणे यावरूनच केला. तसाच आपला सलाम आणि हिब्रूतला शालोम. श-ल-म या मुळात पूर्णतेचा अर्थ आहे. शालेम म्हणजे पूर्ण आणि तश्लूम म्हणजे पैसे चुकते करणं. साहजिकच आहे, देणं पुरं फिटलं की शांतता!

वर्गात आणि घरी करून पाहण्यासारखं

१. फळ्यावर एक मूळ लिहा, उदाहरणार्थ गण. मुलांना त्याचं झाड काढायला सांगा : गणित, गणना, अगणित, गणक, संगणक. मग कृ, लिख्, दृश् असे धातू द्या.

२. स्वयंपाकघरातले दहा शब्द घ्या आणि ते कुठून आले ते मोठ्यांच्या मदतीने शब्दकोशात शोधा. मुरंबा अरबीतून, बटाटा आणि पाव पोर्तुगीजांकडून, असं कळत गेलं की मुलं आपणहून पुढचे शब्द विचारतात.

३. ज्या वस्तूला मराठी शब्द वापरात नाही अशी एक वस्तू निवडा. मुलांना तीन शब्द घडवू द्या आणि आठवडाभर वर्गात वापरून बघा. जो टिकेल तो जिंकला.

४. घरी रोज एक वेळ, जेवणाची म्हणा, आपल्या भाषेत पूर्ण वाक्यांत बोलायचं ठरवा. पण चुकून दुसरा शब्द आला तर रागवायचं नाही. अंगाई कुठल्याही भाषेतली असो, ती थांबवायची नाही.

बेन-येहुदांच्या जिद्दीतून आपण भाषेवरचं प्रेम घ्यावं, आणि त्यांच्या घरातल्या दुःखातून मुलांशी वागण्याचं भान घ्यावं. तुमच्या वर्गात कोणत्या शब्दाचं झाड सर्वांत मोठं झालं, ते जरूर कळवा.